पूल उभा आहे, हा पुरावा नव्हे

प्रति,
मा. अधीक्षक अभियंता, मा. कार्यकारी अभियंता
आणि आमच्या पुलाविषयी निर्णय घेणारे सर्व अधिकारी

विषय : जड वाहनांसाठी बंद केलेला पूल तोंडी आदेशावर खुला करणे, पाहणीतील निष्कर्ष बदलणे आणि सहीस नकार देणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याची बदली करणे याबाबत.

महोदय,

तापीला मिळणाऱ्या आमच्या नदीवरचा पूल आपल्या विभागाने गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर जड वाहनांसाठी बंद केला. दोन्ही टोकांना लोखंडी कमानी उभ्या राहिल्या, ‘जड वाहनांस प्रवेश बंद’ असा फलक लागला, आणि केळीच्या गाड्या, उसाच्या गाड्या, वाळूचे डंपर लांबच्या रस्त्याने फिरून जाऊ लागले. पुढे केळीच्या कापणीचा जोर वाढला, व्यापाऱ्यांनी आणि वाहतूकदारांनी तगादा लावला, शेतकऱ्यांनीही लावला, आणि एका सकाळी गावाने पाहिले की दोन्ही कमानी गॅस कटरने कापून रस्त्याच्या कडेला टाकल्या आहेत. फलक मात्र आजही तसाच उभा आहे. पूल पुन्हा खुला करण्याचा लेखी आदेश मिळावा म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तेव्हा असा आदेश कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही, असे उत्तर मिळाले. पूल बंद झाला तेव्हापासून तो खुला होईपर्यंत त्याची कोणतीही दुरुस्ती झालेली नाही.

जो निर्णय कागदावरच नाही, त्याविरुद्ध अपील कोणाकडे करायचे? म्हणून हे पत्र खुले लिहिले आहे. त्यात पुलाचे, गावाचे आणि आपल्या विभागाचे नाव मुद्दाम घातलेले नाही. नाव घातले तर ज्या तरुण अभियंत्याने प्रामाणिकपणे पाहणी केली त्याच्यावर बोट रोखले जाईल, आणि त्याने आधीच पुरेसे सोसले आहे. आपल्याकडे पाठवलेल्या मूळ प्रतीवर पुलाचा तपशील, माझे नाव, पत्ता आणि सही आहे. या पत्रातली माहिती मला त्या अभियंत्याने दिलेली नाही, हेही येथेच स्पष्ट करतो. मी रीतसर शुल्क भरून नस्तीचे (कार्यालयातल्या फाइलीचे) अवलोकन केले आणि पुलाखाली स्वतः उतरून पाहिले, त्यावर हे पत्र आधारलेले आहे.

माझा या विषयाशी संबंध दुहेरी आहे. मी तंत्रनिकेतनात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालो. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बांधकाम, पाटबंधारे, जिल्हा परिषद, नगरपालिका असे एकही कार्यालय नसेल, जेथे माझ्या वर्गात बसलेला कोणी ना कोणी टेबलावर नाही. त्याचबरोबर माझी शेती पुलाच्या पलीकडे आहे आणि माझी केळीही याच पुलावरून जाते. पूल बंद होता त्या काळात वाढलेले गाडीभाडे व्यापाऱ्यांनी आम्हा सर्वांच्या भावातून कापून घेतले, त्यात मीही होतो. तेव्हा पुलावरची जड वाहतूक थांबवा, असे मी म्हणतो, ते नुकसान दुसऱ्याच्या माथी मारून म्हणत नाही. माझा नातू ज्या एसटीने शाळेत जातो ती एसटी याच पुलावर दोन भरलेल्या गाड्यांच्या मध्ये अडकलेली मी पाहतो, हेही तितकेच खरे आहे.

माझी पहिली तक्रार पाहणी अहवालाविषयी आहे. पूल आरसीसी गर्डरचा, म्हणजे आत सळया घातलेल्या काँक्रीटच्या तुळयांचा, १९७० च्या दशकातला आहे. पात्र कोरडे असताना खाली उतरून वर पाहिले, तर मधल्या गाळ्याच्या (दोन खांबांमधल्या भागाच्या) कडेच्या गर्डरखाली काँक्रीटचे कवच सुटून पडलेले दिसते. खालच्या थरातल्या सळया उघड्या पडल्या आहेत, त्यांवर गंजाचे पापुद्रे चढले आहेत, आणि काही ठिकाणी सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगाच गंजून तुटल्या आहेत. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापते आणि आतून काँक्रीट फोडते, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही. पण हे पत्र जे इतर लोक वाचतील त्यांना कळावे म्हणून लिहितो की, जेथे पापुद्रा अजून सुटलेला नाही तेथेही आत हीच क्रिया चाललेली असू शकते आणि ती डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी हातोडा-चाचणी, ध्वनिलहरींची चाचणी, कोअर (काँक्रीटचा कापून काढलेला नमुना) काढून पाहणे, सळयांच्या गंजाची विद्युत मापने असे उपाय आहेत. यांपैकी एकही केल्याची नोंद नस्तीत नाही.

पायाची स्थिती याहून चिंतेची आहे. दोन खांबांच्या खालच्या विहिरींचे, म्हणजे पात्रात खोल उतरवलेल्या विहिरीच्या आकाराच्या पायांचे, अंग वाळूच्या वर उघडे पडले आहे. बांधल्यापासून वाळूत गाडलेला भाग वरच्या काळवंडलेल्या काँक्रीटपेक्षा फिकट दिसतो, आणि त्या दोन रंगांमधली आडवी रेघ म्हणजे जुन्या पात्राची पातळी. आज त्या रेघेखाली उंच माणूस ताठ उभा राहू शकतो. पात्र इतके खाली का गेले, याचे उत्तर गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, कारण वाळूचे ट्रॅक्टर रात्रभर त्याच्या घरावरून जातात. विहिरीची पकड तिच्याभोवतीच्या वाळूत असते. पूर चढत असताना खांबाभोवती पात्र आणखी खोल खरवडले जाते आणि पूर ओसरताना तोच खड्डा पुन्हा भरतो, त्यामुळे उन्हाळ्यात मोजलेली खोली ही पुराच्या ऐन भरातली खोली कधीच नसते. पुलाच्या मूळ संकल्पनात (डिझाइनमध्ये) किती खोल खरवड गृहीत धरली होती आणि आता त्यातली किती शिल्लक आहे, हा एकच प्रश्न या पुलाचे भवितव्य ठरवायला पुरेसा आहे. अहवालात हा प्रश्नच नाही.

नस्तीत कनिष्ठ अभियंत्याची स्थळपाहणीची टिप्पणी आहे. सखोल तपासणी आणि भारचाचणी होईपर्यंत जड वाहतूक बंद ठेवावी, असे तीत स्वच्छ अक्षरांत लिहिले आहे. पुढे जो अंतिम अहवाल तयार झाला, त्यात मात्र पूल किरकोळ दुरुस्तीस पात्र असून वाहतूक निरीक्षणाखाली चालू ठेवण्यास हरकत नाही, असा निष्कर्ष आहे. या दोन कागदांच्या मध्ये नवी पाहणी नाही, नवी मोजमापे नाहीत, नवे गणित नाही. मत बदलायला माझी हरकत नाही; नवी माहिती हाती आली की अभियंत्याने मत बदललेच पाहिजे. पण येथे माहिती तीच राहिली आणि मत बदलले. शिवाय ‘निरीक्षणाखाली’ म्हणजे कोणाच्या निरीक्षणाखाली, किती दिवसांनी, आणि काय आढळले की वाहतूक तत्काळ थांबवायची, यातले काहीही ठरवलेले नाही.

दुसरी तक्रार विचारपद्धतीविषयी आहे, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. पुलाच्या टोकाला चहाच्या टपरीवर थांबलेल्या एका गाडीचालकाला मी फलकाविषयी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “इतला वरीस उभा शे, आते काय व्हई?” त्याला मी दोष देत नाही, त्याने पुलाचे शास्त्र शिकलेले नाही. पण आपल्या कार्यालयात एका जबाबदार अधिकाऱ्याने मला हेच वाक्य शुद्ध मराठीत ऐकवले : आजवर काही झाले नाही, आणि पूल पडेल असे तुम्ही सिद्ध करू शकता का?

हा प्रश्न अभियांत्रिकीच्या इतिहासात पूर्वी एकदा विचारला गेला आहे. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी, चॅलेंजर अवकाशयानाच्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, यानाचे घन इंधनाचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते आणि नासाचे अधिकारी यांच्यात दूरध्वनीवर बैठक झाली. बूस्टरच्या सांध्यांतून उष्ण वायू बाहेर येऊ नये म्हणून बसवलेल्या रबरी कड्या थंडीत ताठरतात आणि वेळेवर जागा धरत नाहीत, हे कंपनीतले अभियंते रॉजर बॉइसजोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या उड्डाणांवरून ओळखले होते. सर्वांत थंड हवेत झालेल्या उड्डाणात, सांध्याचे तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअस असताना, वायू निसटल्याच्या खुणा सर्वांत ठळक होत्या, आणि त्या रात्री तर पारा गोठणबिंदूखाली जाणार होता. त्या १२ अंशांपेक्षा कमी तापमानात उड्डाण करू नये, असे कंपनीने आधी कळवले. नासाच्या अधिकाऱ्यांनी नापसंती दाखवताच कंपनीच्या वरिष्ठांनी आपापसांत चर्चेसाठी वेळ मागून घेतला. त्या चर्चेत अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला, अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगण्यात आले आणि शिफारस उलटली. एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करावे लागे. त्या रात्री ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचे ओझे अभियंत्यांवर टाकले गेले. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झाले आणि सात जण मेले, त्यांत एक शाळेतली शिक्षिका होती. आदल्या रात्री काय वाद झाला, हे त्या सातांपैकी कोणालाही सांगितलेले नव्हते.

पुढे चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली. यान गमावण्याची शक्यता व्यवस्थापन लाखात एक मानत होते, तर प्रत्यक्ष काम करणाऱ्या अभियंत्यांचा अंदाज शंभरात एकच्या आसपास होता, असे चौकशी आयोगाचे सदस्य, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी नोंदवून ठेवले आहे. एकाच यंत्राविषयी, एकाच संस्थेतल्या माणसांचे अंदाज हजारपटीने वेगळे होते, आणि निर्णय यंत्रापासून जास्त लांब बसलेल्यांच्या अंदाजावर झाला.

आपला पूल म्हणजे अवकाशयान नव्हे, असे आपण म्हणाल. पण विचारातली चूक अगदी तीच आहे. कड्या आधीच्या उड्डाणांतही जळल्या होत्या आणि तरी यान सुखरूप परतले होते, म्हणून जळणे चालते असे ठरले. आपल्याकडे कवच सुटले आणि पूल उभा राहिला, म्हणून कवच सुटणे चालते असे ठरले आहे. नंतर सळया उघड्या पडल्या, पुढे विहिरी उघड्या पडल्या. प्रत्येक वेळी मागच्या वर्षी काही झाले नाही हाच पुढच्या वर्षीचा आधार झाला.

त्यातच पुलावर येणारा भारही तो राहिलेला नाही. २०१८ साली केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांची अनुज्ञेय वजनमर्यादा वाढवली. तीन आसांच्या ट्रकचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. हे कायदेशीर वजन झाले. वाळूच्या डंपरमध्ये प्रत्यक्षात किती भरतात, हे रस्त्याला पडलेल्या चाकोऱ्या सांगतात. काही अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, संकल्पनात सुरक्षा गुणांक धरलेला असतो, तेवढा जास्त भार पूल सहज पेलेल. मी हे तंत्रनिकेतनात शिकवत होतो, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. आपण भार मोजून त्याला वाढवून घेतो, काँक्रीटची आणि पोलादाची ताकद कमी करून धरतो, ते काँक्रीट साइटवर कसे पडले, पाणी किती घातले, वाळूत माती किती होती, पूर किती येईल, पन्नास वर्षांनी काय होईल, यातले जे आपल्याला कळत नाही त्यासाठी. हा गुणांक म्हणजे घरात बियाण्यासाठी राखून ठेवलेली दादर ज्वारी आहे. ती खाऊन कोणी पोट भरले असे म्हणत नाही. आपल्या पुलाने ही राखीव ताकद गंजात आणि उघड्या पडलेल्या पायात आधीच किती खर्च केली आहे, हे मोजल्याखेरीज उरलेल्या ताकदीवर वाढीव भार टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही.

धोका शून्य करा, अशी माझी मागणी नाही. शून्य धोक्याचा पूल कोणी बांधलेला नाही आणि बांधणारही नाही. धोका मोजून पत्करणे हेच अभियंत्याचे काम आहे. तिन्ही जिल्ह्यांतला प्रत्येक जुना पूल बंद केला तर लोकांचे जगणे थांबेल, हेही मला कळते. पण सर्वांना खुला आणि सर्वांना बंद यांच्यामध्ये बरेच काही करता येते. हलकी वाहने आणि एसटी चालू ठेवता येतात. एका वेळी एकच गाडी सोडता येते. वेग कमी ठेवून गाड्या मधल्या पट्ट्यातून नेता येतात, वजनकाट्याची पावती पाहून सोडता येतात, नदीला पाणी असताना जड वाहतूक पूर्ण थांबवता येते, कमकुवत गाळ्याला तात्पुरता आधार देता येतो. यातला कोणताही मार्ग घेतला असता, तर आपण धोका तोलून निर्णय घेतला, असे मी मानले असते. कमानी कापून टाकणे हा कोणताही तोल नव्हे.

तिसरी तक्रार तोंडी आदेशाची. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि प्रवाशांनी भरलेल्या दोन एसटी बसगाड्या नदीत वाहून गेल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पाहणी होऊन तो पूल वाहतुकीस योग्य ठरवला गेला होता, असे तेव्हा सरकारकडूनच सांगितले गेले. ९ जुलै २०२५ रोजी वडोदरा जिल्ह्यात मही नदीवरचा १९८५ सालचा गंभीरा पूल चालत्या वाहनांसह कोसळला; त्याच्या स्थितीविषयी स्थानिक लोकप्रतिनिधीने आधीच लेखी तक्रार केली होती. दुसऱ्याच दिवशी चार अभियंते निलंबित झाले. त्यापूर्वी महिनाही झाला नव्हता, तोच १५ जून २०२५ रोजी आपल्याच राज्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसह खाली आला होता. पूल पडल्यावर कोणी सही केली, हे शोधले जाते. पूल उभा असताना कोणी तोंडी सांगितले, हे कधीच सापडत नाही. तोंडी आदेश देणाऱ्याला श्रेय मिळते, वाहतूक सुरळीत केल्याबद्दल त्याचा सत्कारही होतो, आणि उद्या काही घडले तर अहवालावरच्या खालच्या सहीचा धनी गुन्ह्यात अडकतो. निर्णय एकाचा, सही दुसऱ्याची आणि जीव तिसऱ्याचा, अशी ही रचना झाली आहे, आणि ती मला मान्य नाही.

चौथी तक्रार त्या कनिष्ठ अभियंत्याविषयी. अंतिम अहवालावर त्याने सही केली नाही. काही दिवसांत त्याच्याकडून स्थळपाहणीचे काम काढून घेतले गेले आणि पुढे त्याची बदली झाली. बदली प्रशासकीय कारणास्तव झाली, असे कागद सांगतात. तो कागद मी वाचला आहे. आपल्या कार्यालयातल्या इतर तरुण अभियंत्यांनी मात्र त्यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला. पुढच्या पाहणीला जो कोणी पुलाखाली उतरेल, तो सळयांकडे पाहण्याआधी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहील. एका बदलीने आपण तिन्ही जिल्ह्यांतल्या पुलांच्या पाहण्या निकामी केल्या, असे मी म्हणतो, आणि यात अतिशयोक्ती नाही.

सत्येंद्र दुबे हे नाव आपण विसरला नसाल. आयआयटी कानपूरमधून स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या या तरुणाने सुवर्ण चतुर्भुज महामार्गाच्या कामातल्या गैरप्रकारांविषयी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासकट टेबलांवरून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्याची गोळी घालून हत्या झाली. हत्येचे कारण काय, हे न्यायालयाने तपासले आणि त्याविषयी मला काही म्हणायचे नाही. पण नाव सांगू नका असे लिहिणाऱ्याचे नाव कार्यालयांनी जपले नाही, ही गोष्ट कोणत्याही न्यायालयाच्या निकालावर अवलंबून नाही. वकिलांसाठी १९६१ चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, त्यांची वैधानिक परिषद आहे. नकार देणाऱ्या स्थापत्य अभियंत्याच्या पाठीशी तसे काहीच उभे नाही. त्याच्या पाठीशी फक्त त्याचा वरिष्ठ असतो. म्हणून हे पत्र वरिष्ठांना आहे.

दर वर्षी १५ सप्टेंबरला आपल्या कार्यालयात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घातला जातो. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाल्यावर त्यांनी जी पहिली कामे केली, त्यांतले एक आपल्याच खान्देशात, साक्रीकडच्या दातर्ती येथे पांझरा नदीवर होते. पाण्याचा नळ नदीखालून नेण्याचे ते काम होते. ऐन पावसाळ्यात काम पुढे ढकलावे, असे त्यांनी वरिष्ठांना लिहिले, वरिष्ठांना ते शिस्तीला धरून वाटले नाही, आणि अखेर काम त्यांनीच पुरे केले, असे त्यांनी स्वतः आठवणींत नोंदवले आहे. नवख्या अभियंत्याने वरिष्ठाला वेगळे मत लेखी कळवले आणि वरिष्ठाने आपली नाराजीही लेखी कळवली, म्हणून आज शंभरांहून अधिक वर्षांनंतर त्या दोघांतला मतभेद आपल्याला वाचता येतो. आपल्या पुलाच्या नस्तीत वरिष्ठांचे एक वाक्यही वाचायला मिळत नाही.

शेवटची तक्रार थोडक्यात मांडतो. पुलावरून जाणाऱ्यांना कोणीही काही सांगितले नाही. ग्रामसभेत विषय आला नाही, एसटी आगाराला पत्र गेले नाही, शाळांना कळवले गेले नाही. याच पांझरेच्या काठी शतकानुशतके फड पद्धतीने बागायत होत आली. एकेका शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत, म्हणजे शेतीच्या मोठ्या पट्ट्यांत, वाटलेली असे, आणि बंधाऱ्याला पाणी कमी असले की यंदा कोणत्या फडाला पाणी द्यायचे आणि कोणता कोरडा ठेवायचा, हे सगळे बसून ठरवत. जो ठरवी त्याचाही तुकडा कोरड्या फडात असे. ज्याच्या वाट्याला नुकसान येणार त्याला विचारून नुकसान ठरवण्याची ही रीत आपल्या मातीतली आहे, अभियंत्यांच्या कोणत्याही आचारसंहितेपेक्षा जुनी आहे, आणि आपल्याला तिची आठवण करून द्यावी लागते याचे मला दुःख होते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली आणि तातडीची मागणी : भारचाचणी आणि पायाची तपासणी पुरी होऊन तिचा निष्कर्ष जाहीर होईपर्यंत पुलावरची जड वाहतूक आजच थांबवावी, कमानी पुन्हा उभ्या कराव्यात आणि त्या काढण्याचा आदेश कोणी दिला हे जाहीर करावे. ही तपासणी जून उजाडण्याआधी, पात्र कोरडे असतानाच व्हावी, कारण पाणी आल्यावर विहिरींपर्यंत पोहोचता येणार नाही. ती आपल्या विभागाबाहेरच्या, या निर्णयात हितसंबंध नसलेल्या तज्ज्ञांकडून करून घ्यावी.

कनिष्ठ अभियंत्याची टिप्पणी आणि अंतिम अहवाल, दोन्ही शब्दशः प्रसिद्ध करावेत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती आपण होऊन देणे आपल्यावर बंधनकारक आहे. त्यासाठी गावकऱ्याला अर्ज करावा लागू नये.

यापुढे पाहणी करणाऱ्या अभियंत्याची शिफारस जो अधिकारी फेटाळील, त्याने ती लेखी, सकारण आणि स्वतःच्या नावा-पदनामासह फेटाळावी, आणि तो कागद त्याच नस्तीत राहावा. वरिष्ठाला शिफारस फेटाळण्याचा अधिकार आहे, तो मी नाकारत नाही. तोंडी फेटाळण्याचा अधिकार मात्र कोणालाही असता कामा नये. या एका मागणीसाठी निधी लागत नाही, निविदा लागत नाही, मंत्रालयाची मंजुरीही लागत नाही. आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरेसे आहे.

सहीस नकार दिल्यानंतर झालेली बदली रद्द करावी, किंवा त्या बदलीचा आणि नकाराचा संबंध नाही हे कागदपत्रांसह दाखवावे.

पुलाच्या दोन्ही टोकांना बांधकामाचे वर्ष, सध्याची भारक्षमता, शेवटच्या तपासणीची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम लिहिलेला फलक लावावा. पुलाच्या वरच्या आणि खालच्या बाजूचा वाळू उपसा महसूल विभागाच्या मदतीने पूर्ण बंद करावा. आणि जो पर्यायी रस्ता आपण शेतकऱ्यांना दिला होता, त्यावरचे खड्डे आधी बुजवावेत; त्या रस्त्याची दशा नीट असती तर कमानी कापा म्हणून शेतकरी आपल्या दारात आलेच नसते. जादा भाड्याचा भार एकट्या केळी उत्पादकावर न टाकता त्यासाठी काही मदत देता येईल का, याविषयी जिल्हा प्रशासनाशी आपण बोलावे. या बैठकीला मी शेतकरी म्हणून येईन आणि इतरांनाही घेऊन येईन.

आपल्यातले काही जण माझ्याकडे शिकले आहेत आणि हे पत्र त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचेल. त्यांना वेगळे काही सांगायचे नाही. पुढच्या पाहणीत जे दिसेल ते मोजा आणि जे मोजाल तेच लिहा. ते लिहिल्याबद्दल कोणी जाब विचारला तर मला कळवा, मी आपल्यासोबत कार्यालयात येऊन उभा राहीन.

या पत्राची प्रत मी जिल्हाधिकारी कार्यालयाला, एसटी आगाराला आणि पुलाच्या दोन्ही बाजूंच्या ग्रामपंचायतींना दिली आहे. लेखी उत्तराची महिनाभर वाट पाहीन. उत्तर न आल्यास दोन्ही गावांच्या ग्रामसभेत जड वाहतूक थांबवण्याचा ठराव मांडेन आणि नस्तीतल्या कागदांच्या प्रमाणित प्रती जोडून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागेन.

आपला,
स्थापत्य अभियांत्रिकीचा निवृत्त अधिव्याख्याता आणि पुलापलीकडचा केळी उत्पादक
(मूळ प्रतीवर नाव, पत्ता व सही)